पावसाळ्यात संगणकाचा पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

मृगाचा पाऊस स्थिरावून दोन-तीन आठवडे झाले की मला येणाऱ्या दूरध्वनींतले पहिले वाक्य ठरलेले असते: "बटण दाबल्यावर पंखा फिरतो, दिवाही लागतो, पण डिस्प्ले येत नाही." मी व्यवसायाने संगणक दुरुस्त करणारा नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवत असताना तिथला संगणक बंद पडला की शहरातून माणूस येईपर्यंत आठवडा जात असे, म्हणून स्वतःच झाकण उघडून पाहू लागलो. त्यानंतरच्या अठरा पावसाळ्यांत शाळा, वाचनालय, देवस्थानाचे कार्यालय आणि शेजारपाजार मिळून हाच एक दोष इतक्या वेळा हाताळला की तपासणीचा क्रम आता हाताच्या सवयीचा झाला आहे. तो क्रम येथे लिहून ठेवतो. तो टेबलावरच्या डेस्कटॉप संगणकासाठी आहे. लॅपटॉपविषयी शेवटी थोडे लिहिले आहे.

लक्षणे

हा दोष नेहमी एकाच रूपात येत नाही, म्हणून आपल्या संगणकाचे वर्तन आधी पुढील वर्णनाशी ताडून पाहावे.

– कॅबिनेटमधले पंखे फिरतात, समोरचा दिवा लागतो, पण मॉनिटर काळाच राहतो किंवा त्यावर "नो सिग्नल" अशी अक्षरे तरंगून जातात.
– संगणक सुरू होतो, दोन-तीन सेकंदांत बंद पडतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. हे चक्र चालूच राहते.
– आतला छोटा भोंगा लांब लांब बीप देत राहतो.
– सकाळी चार-पाच वेळा बटण दाबल्यावर कसाबसा सुरू होतो, पण एकदा सुरू झाला की दिवसभर बिनतक्रार चालतो.
– तारीख आणि वेळ मागे जाते, एखादे जुने वर्ष दिसू लागते, आणि बँकेची किंवा सरकारी संकेतस्थळे "कनेक्शन सुरक्षित नाही" असे सांगून उघडायचे नाकारतात.

यांतले चौथे लक्षण सर्वांत बोलके आहे. सकाळी न चालणारा आणि तापल्यावर चालणारा संगणक बहुधा मेलेला नसतो. त्याच्या कुठल्यातरी जोडणीवर रात्रभरात ओल बसलेली असते. याउलट विंडोजचे चिन्ह पडद्यावर येऊन संगणक तिथेच अडकत असेल, तर तो दोष वेगळा, हार्डडिस्कचा किंवा विंडोजचा आहे, आणि पुढचे उपाय त्याला लागू पडणार नाहीत.

गोव्यातच हे इतके का होते

थंड मुलखात बागकाम करणारी माणसे पहिले हिम कोणत्या आठवड्यात पडेल याची नोंद ठेवतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठीसुद्धा हिवाळ्यात एखाद्या पहाटे दवबिंदू गोठलेले सापडतात. गोव्यात गवत कधी गोठत नाही, त्यामुळे ती चिंता आपल्याला नाही. परंतु ज्या नियमाने तिथे पानावर दव बसते, त्याच नियमाने इथे जून ते सप्टेंबर संगणकाच्या पत्र्यावर बसते. हवेचे तापमान 30 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 85 टक्के असेल, तर सुमारे 27 अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरू लागते. वातानुकूलित खोली 24 अंशांवर ठेवून संध्याकाळी यंत्र बंद केले आणि दारे-खिडक्या उघडल्या, की आतला थंड पत्रा बाहेरची ओली हवा अक्षरशः पिऊन घेतो. ज्या घरांत वातानुकूलन नाही, तिथे हे काम चिऱ्याची भिंत करते. जुलै-ऑगस्टमध्ये ती इतकी पाझरते की तिला चिकटून ठेवलेल्या कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, मग कॅबिनेटची काय कथा. किनाऱ्याजवळच्या गावांत हवेतले मीठ त्यात भर घालते, कारण मीठ ओल धरून ठेवते आणि धातू लवकर गंजवते.

संगणकातली बहुतेक महत्त्वाची सुटी अंगे खाचेत नुसती खोवलेली असतात. धातूवर धातू टेकलेला असतो आणि त्या टेकण्यातूनच संदेश जातो. मध्ये मळाचा, ओलीचा किंवा गंजाचा डोळ्यांना न दिसणारा थर आला तरी संदेश अडतो. म्हणूनच पावसाळ्यात बंद पडलेला संगणक पाहून "मदरबोर्ड" (सगळी अंगे जिच्यावर जोडलेली असतात ती आतली मुख्य पाटी) "गेला" असा निर्णय देणाऱ्यावर मी पहिल्या दिवशी विश्वास ठेवत नाही.

झाकण उघडण्यापूर्वी

पहिला उपाय फुकट आहे आणि त्याला एक मिनिट लागते. मागचा स्विच बंद करावा, वायर भिंतीच्या सॉकेटमधून काढावी आणि मग कॅबिनेटवरचे चालू करण्याचे बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरावे. असे केल्याने आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या लहान नळकांड्यांमध्ये, उरलेली वीज निघून जाते आणि वीज अचानक गेल्या-आल्यामुळे गोंधळून बसलेली मदरबोर्डवरची मंडले नव्याने सुरू होतात. वीज जाऊन लगेच परत आल्यावर जो संगणक रुसतो, तो बरेचदा एवढ्यानेच ताळ्यावर येतो.

त्यानंतर यूपीएस बाजूला काढून संगणक थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून पाहावा. घरगुती यूपीएसमध्ये साधारणतः 12 व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते आणि आपल्या उष्ण हवेत ती दोन-तीन वर्षांत थकते. थकलेल्या बॅटरीचा यूपीएस वरवर चालू दिसतो, परंतु संगणक सुरू होताना लागणारा झटका त्याला पेलत नाही, आणि दोष संगणकाच्या माथी मारला जातो. एक्स्टेन्शन बोर्डही बदलून पाहावा. स्वस्त बोर्डांच्या आतल्या पितळी पट्ट्या पावसाळ्यात हिरव्या पडतात, आणि त्याच बोर्डावर टेबललॅम्प व्यवस्थित पेटतो म्हणून आपण फसतो, कारण दिव्याला लागणारी वीज संगणकाच्या मानाने अगदीच थोडी असते.

याच टप्प्यावर एक गोष्ट लक्षपूर्वक पाहावी. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल किंवा टेस्टर पत्र्यावर उजळत असेल, तर घराचे अर्थिंग तुटलेले असण्याची शक्यता मोठी आहे. संगणकाच्या वीजपुरवठ्यातली गाळणी थोडी वीज पत्र्यामार्गे अर्थिंगकडे सोडत असते. अर्थिंग नसेल तर ती आपल्या हातातून वाट शोधते. येथे थांबावे आणि वायरमनला बोलवावे. संगणकाचा प्रश्न त्यानंतरचा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून हे पुढे रेटणे जिवावर बेतू शकते.

वीज ठीक असेल तर कीबोर्डवरचे नम लॉकचे बटण दोन-तीन वेळा दाबावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर संगणक खरे म्हणजे सुरू झालेला आहे आणि दोष फक्त चित्र पोहोचण्यात आहे. मग मॉनिटरची केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवावी, शक्य असल्यास दुसरी लावून पाहावी, आणि मॉनिटरच्या मेनूमध्ये योग्य पोर्ट निवडले आहे का ते तपासावे. वेगळे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारे कार्ड, असलेल्या संगणकात केबल त्या कार्डाच्याच पोर्टला लागली पाहिजे. साफसफाई करताना ती वरच्या, मदरबोर्डच्या पोर्टला लावली गेल्याने अंधार पडल्याची उदाहरणे मी स्वतः पाहिली आहेत. ही चूक करणारी माणसे हुशार असतात, घाईत असतात इतकेच.

पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम असे जे जे मागे लावलेले असेल ते सर्व काढावे आणि केवळ मॉनिटर, कीबोर्ड व वीज एवढ्यावर प्रयत्न करावा. एखाद्या यूएसबी पोर्टमध्ये ओलीमुळे शॉर्ट झाले असेल तर मदरबोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी सुरूच होत नाही. पोर्टांकडे विजेरी मारून पाहण्याचे आणखी एक कारण कुंभारीण माशी हे आहे. तिला अशी भोके घर बांधायला फार आवडतात, आणि एकदा मला एका एचडीएमआय पोर्टमध्ये मातीचा लिंपलेला, टणक, सुबक गोळा सापडला होता. केबल का बसत नाही म्हणून घरमालक तीन दिवस ती दाबत होते.

झाकण उघडल्यावर

वीज पूर्ण काढून, समोरून पाहता डाव्या हाताचा पत्रा बहुधा दोन स्टार स्क्रू काढल्यावर मागे सरकतो. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थितिक वीज निघून जाईल. दमट हवेत ती फारशी साठत नाही, त्यामुळे गोव्यातल्या पावसाळ्यात याची फार धास्ती बाळगण्याचे कारण नाही, पण सवय चांगली आहे.

काहीही काढण्याआधी मोबाईलवर आतली चार-पाच छायाचित्रे घ्यावीत. कोणती वायर कुठे होती हे पाच मिनिटांनी आठवत नाही. मग नुसते पाहावे आणि वास घ्यावा. जळका वास, काळवंडलेला भाग, फुगलेले वा गळलेले कपॅसिटर, पालीची अंडी, मुंग्यांनी वाहून आणलेली माती, झुरळांची विष्ठा यांपैकी काय दिसते ते लक्षात ठेवावे. धूळ कोरडी असेल तर ती फारसे काही करत नाही, परंतु पावसाळ्यात तीच धूळ ओल धरून चिखलासारखी होते आणि दोन जवळच्या टोकांमध्ये वीज वाहू देते. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश यासाठी पुरेसा आहे. ब्लोअर वापरायचा असल्यास पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर हवेच्या झोताने पंखा मर्यादेबाहेर फिरून त्याचे बेअरिंग बिघडू शकते. केस वाळवण्याचे गरम यंत्र वापरू नये. ओल जास्त दिसत असेल तर झाकण उघडे ठेवून रात्रभर टेबलफॅनचा वारा द्यावा. अनेकदा दुसऱ्या दिवशी पुढचे काही करावेच लागत नाही.

रॅम: दहांपैकी सहा-सात वेळा दोष येथेच

एका गावच्या वाचनालयातला प्रसंग सांगतो, कारण त्यात सगळे आले आहे. श्रावणातले दिवस, चतुर्थी तीन आठवड्यांवर आलेली, आणि सभासदांची सगळी नोंद असलेला संगणक बंद. एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेल्याचे सांगून नव्या संगणकाचा खर्च काढून दिला होता. ग्रंथपालबाईंनी मला बोलावले, ते केवळ त्या खर्चाला समितीपुढे दुजोरा हवा म्हणून. "सर, तुम्ही एकदा बघा आणि हो म्हणा, म्हणजे मी ठराव मांडते," असे त्या म्हणाल्या.

मी झाकण उघडून रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची, पट्टी काढली. दोन्ही टोकांची पांढरी खिट्टी बाहेर दाबली की ती वर येते. तिच्या खालच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेली बारीक टोके ओळीने असतात. डीडीआर3 पिढीची रॅम असेल तर 240, डीडीआर4 असेल तर 288. नव्या पट्टीवर ती लखलखीत दिसतात. या पट्टीवर ती मधोमध मंद पिवळी आणि कडेला तपकिरी झाली होती, न घासलेल्या समईसारखी. ग्रंथपालबाईंच्या टेबलावरचा पांढरा खोडरबर घेऊन मी ती दोन्ही बाजूंनी, टोकांच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने घासली. रबरावर करड्या-काळ्या रेघा उमटल्या. रबराचा भुसा ब्रशने झाडला, खाचेतही कोरडा ब्रश फिरवला, आणि पट्टीची खाच जागेवर जुळवून दोन्ही टोकांना "टक्" असा आवाज येईपर्यंत दाबली. बटण दाबल्यावर आधी काहीच झाले नाही. पट्टी शेजारच्या खाचेत घातली, आणि पडदा उजळला. पहिली खाचच अधिक गंजलेली होती. ठराव मांडला गेला नाही. तो संगणक पुढे चार वर्षे चालला.

या कामात पथ्ये तीन आहेत. रबर मऊ आणि पांढरा असावा. शाई खोडण्याचा खरखरीत रबर किंवा पॉलिश पेपर कधीही वापरू नये, कारण सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि तो उडाला की खालचा धातू पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने गंजतो. त्याच कारणाने दर महिन्याला उगाच घासत बसू नये. रबरापेक्षा चांगले साधन म्हणजे 99 टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते कापसाच्या बोळ्यावर घेऊन पुसावे आणि दहा मिनिटे वाळू द्यावे. हाताला लावायचे सॅनिटायझर मात्र चालणार नाही. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते, आणि कोविडच्या वर्षांत उरलेल्या बाटल्या अशा कामाला लावून लोकांनी चिकट झालेल्या पट्ट्या माझ्याकडे आणल्या आहेत. तिसरे पथ्य असे की दोन पट्ट्या असतील तर एका वेळी एकच लावून, प्रत्येक खाचेत पाहावे. त्याशिवाय दोष पट्टीचा की खाचेचा हे कळत नाही.

नव्या संगणकांबाबत एक सूचना आहे. डीडीआर5 रॅम असलेला संगणक पट्टी काढून लावल्यानंतर पहिल्यांदा सुरू होताना स्मृतीची जुळवाजुळव करतो आणि त्यात काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. तेवढा वेळ धीर धरावा. मध्येच बंद करू नये.

सगळ्या पट्ट्या काढून संगणक सुरू करणे ही एक फुकटची, पण फार उपयोगी परीक्षा आहे. रॅम नसताना भोंगा ओरडला, किंवा मदरबोर्डवर डीरॅम असे लिहिलेला लहान दिवा लागला, तर मदरबोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत आणि रॅम नाही हे त्यांना कळते आहे. काहीच प्रतिक्रिया आली नाही, तर मात्र दोष अधिक खोलवर असू शकतो. त्याआधी आपल्या मदरबोर्डला भोंगा किंवा दिवा मुळात आहे ना, एवढे पाहून घ्यावे, कारण हल्लीच्या कित्येक कॅबिनेटांत भोंगा बसवलेलाच नसतो.

नाण्याएवढा सेल

तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर2032 हा गोल सेल बदलावा. 20 मिलिमीटर व्यासाचा आणि 3 व्होल्टचा हा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि त्याला चार-पाच दहाच्या नोटांपेक्षा फारसे जास्त लागत नाहीत. मल्टिमीटर असेल तर मोजावे, 2.8 व्होल्टच्या खाली गेलेला सेल मी सरळ काढून टाकतो. संकेतस्थळे उघडत नाहीत याचे कारणही हेच असते, कारण प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि संगणकाला आपण भलत्याच वर्षात आहोत असे वाटत असेल तर त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले नसते. काही जुने मदरबोर्ड सेल पूर्ण संपल्यावर डिस्प्लेही देत नाहीत, म्हणून तारखेची तक्रार नसली तरी पाच-सहा वर्षांच्या संगणकात हा सेल बदलणे फायद्याचे ठरते.

येथे मी एकदा चांगलाच फसलो होतो. शाळेच्या कार्यालयातला सेल बदलला, डिस्प्ले आला, सगळ्यांनी समाधान व्यक्त केले, आणि विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊ लागला. सेल काढल्यावर बायोसमधली, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीतली, सारी मांडणी कारखान्यातून निघताना होती तशी झाली होती, आणि हार्डडिस्कशी बोलण्याची पद्धत एएचसीआयवरून आयडीईवर गेली होती. एवढे लक्षात यायला मला अख्खी दुपार लागली, आणि तोपर्यंत मी विंडोज नव्याने टाकण्याच्या तयारीत होतो. तेव्हापासून, संगणक अधूनमधून का होईना सुरू होत असेल तर सेल काढण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र घेतो. विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की हाताशी आहे ना, हेही आधी पाहावे. बायोसमधले बदल पाहून विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर फायली कुलपातच राहतात.

उरलेल्या जोडण्या

मदरबोर्डला जाणारा 24 पिनांचा रुंद प्लग आणि प्रोसेसरजवळचा 4 किंवा 8 पिनांचा प्लग काढून पुन्हा बसवावेत. दुसऱ्याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही, आणि तो सैल असला तर पंखे फिरतात पण बाकी काही होत नाही. ग्राफिक्स कार्ड असल्यास त्याची टोकेही रॅमप्रमाणेच साफ करावीत. ज्या संगणकाच्या प्रोसेसरमध्ये चित्राची सोय अंगचीच आहे, तो कार्ड काढून, मदरबोर्डच्या पोर्टवरून चालवून पाहावा.

बटण दाबूनही काहीच हालचाल होत नसेल, किंवा संगणक सुरू होऊन लगेच बंद होत असेल, तर समोरचे बटणच आत अडकलेले असू शकते. मदरबोर्डच्या कोपऱ्यात बटणांच्या बारीक वायरी लावलेल्या असतात. तिथे रिसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावून रिसेट बटणाने संगणक सुरू करावा. तो सुरू झाला, तर दोष त्या स्प्रिंगच्या बटणात होता, आणि अशी अदलाबदल करून वर्षानुवर्षे चालणारे दोन संगणक आमच्या गावात आजही आहेत.

एसएमपीएस, आणि थांबण्याची जागा

इथवर काहीच साधले नाही तर वीजपुरवठ्याच्या डब्याकडे, म्हणजे एसएमपीएसकडे वळावे लागते. घरच्या माणसाने करावी अशी येथे एकच तपासणी आहे: शेजाऱ्याचा किंवा मित्राचा चालू स्थितीतला, तेवढ्याच क्षमतेचा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे. संगणक अधूनमधून सुरू होत असेल तर बायोसमधल्या हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर 12 व्होल्टची रेषा पाहता येते, ती 11.4 ते 12.6 या मर्यादेत असली पाहिजे आणि 5 व्होल्टची 4.75 ते 5.25 या मर्यादेत. आकडा त्याखाली घसरत असेल तर एसएमपीएस बदलावा.

त्याचे झाकण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. 230 व्होल्टची वीज आत गेल्यावर तिचे सुमारे 325 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर होते आणि ती मोठ्या कपॅसिटरमध्ये साठते. वायर काढल्यानंतरही ती काही काळ तिथे राहू शकते. आत मेलेली पाल दिसते म्हणून ती स्क्रूड्रायव्हरने काढायला जाणाऱ्या एका गृहस्थांचा हात मी वेळेवर धरला होता. पाल गेलेला एसएमपीएस दुरुस्त करण्यापेक्षा नवा घेणेच शहाणपणाचे असते.

पुढील परिस्थितीत आपले हात मागे घेऊन जाणकाराला बोलवावे. संगणक लावताच घराचा एमसीबी किंवा आरसीसीबी, म्हणजे धोका जाणवताच वीज तोडणारा स्विच, पडत असेल. जळका वास किंवा ठिणगी आली असेल. मदरबोर्डवर हिरवट-पांढरा गंज पसरलेला असेल किंवा कपॅसिटर फुगलेले असतील. कपॅसिटर बदलणारे कुशल कारागीर म्हापसा, मडगाव, पणजी अशा शहरांत मिळतात, पण त्यासाठी सोल्डरिंगचा सराव हवा. घरात पाणी शिरून संगणक भिजला असेल, तर तो वाळल्यासारखा दिसला तरी स्वतः सुरू करू नये. आणि हार्डडिस्कमधून "टक्-टक्" असा ठरावीक ठेका येत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह कटाक्षाने आवरावा, कारण प्रत्येक प्रयत्नात आतल्या तबकडीवर ओरखडे वाढत जातात आणि वाचवता येण्याजोगी माहितीही जाते. संगणक नवा घेता येतो. देवस्थानाचे वीस वर्षांचे हिशेब नव्याने लिहिता येत नाहीत. दुरुस्तीला देताना हार्डडिस्क पुसू नये असे लेखी सांगावे, आणि मदरबोर्ड गेल्याचे निदान झाले तर कोणत्या तपासणीवरून ते ठरवले हे नम्रपणे विचारावे.

पुढच्या जूनपूर्वी

मे महिन्याच्या अखेरीस कॅबिनेट एकदा उघडून धूळ झाडावी आणि ते भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून वर ठेवावे. पावसाळ्यात काम असो वा नसो, संगणक रोज अर्धा तास चालवावा. आतली ऊब ओल टिकू देत नाही. शाळांतले संगणक चतुर्थीच्या सुट्टीनंतर हमखास का रुसतात, याचे उत्तर यातच आहे. बंद केल्याबरोबर त्यावर प्लास्टिकचे आवरण घालू नये, ओल आत कोंडते. सुती कापड बरे. वातानुकूलित खोलीत संगणक आधी बंद करावा आणि खोली हळूहळू बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावी.

विजेच्या कडकडाटाचा धोका आपल्याकडे ऐन जुलैपेक्षा मे-जूनच्या संधीला आणि परतीच्या पावसात, ऑक्टोबरमध्ये, अधिक असतो. ढग गडगडू लागले की संगणकाचा प्लग काढावाच, पण इंटरनेटच्या राउटरचा प्लग आणि त्यातून येणारी लॅन केबलही काढावी, कारण पुष्कळदा धक्का त्याच वाटेने आत शिरतो. वीज जाऊन परत आली की पाच मिनिटे थांबून मगच संगणक सुरू करावा. मी कॅबिनेटच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवून त्यावर रॅम कधी साफ केली, सेल कधी बदलला, कोणती खाच खराब आहे, हे पेन्सिलने लिहितो. शाई ओलीने पसरते.

लॅपटॉपसाठी यांतले फार थोडे लागू पडते. चार्जर काढून बटण तीस सेकंद दाबून धरणे, बाहेरचा मॉनिटर लावून पाहणे, आणि खालचे झाकण सहज निघत असेल तर, आधी बॅटरीची जोडणी सोडवून, रॅम साफ करणे, एवढेच घरी करावे. हवेशीर न होणाऱ्या बॅगेत ओल्या छत्रीसोबत ठेवलेला लॅपटॉप सुरू करण्यापूर्वी तासभर उघडा ठेवावा. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर बॅटरी फुगलेली आहे. तो चार्ज करू नये, दाबू नये, उघडू नये, आहे तसा बंद स्थितीत दुरुस्ती केंद्रात न्यावा.